सरपंचाला जाब विचारता येतो, आणि प्रशासक हा त्यावरचा उपाय नाही

"निवडून आला की सरपंच पाच वर्षांचा राजा. पैसा थेट त्याच्या खात्यात येतो, ग्रामसभा कागदावरच होते, त्याला कोणी काढू शकत नाही. त्यापेक्षा ग्रामपंचायती बंद करा आणि प्रशासक नेमा." अशा अर्थाचा मजकूर नागपूर जिल्ह्यातल्या गावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वरचेवर येतो. काटोलपासून कुहीपर्यंत कुठल्याही पानठेल्यावर हेच ऐकू येतं. यामागचा संताप खरा आहे. पण यातले दावे टिकत नाहीत, आणि ते खरे मानून लोक साधा अर्जही करत नाहीत, हे मला जास्त लागतं.

आधी पैशाचं बघू. निधी सरपंचाच्या नव्हे, ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो. केंद्राकडून येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिल काढायचं तर सरपंच आणि ग्रामसेवक (2024 पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. 2021 ते 2026 या काळासाठी त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव, उरलेले 40 टक्के गावाच्या इतर गरजांसाठी. आराखडा आणि खर्च दोन्ही ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कोणालाही बघता येतात.

लोक तो आकडा बघतात, स्क्रीनशॉट काढतात आणि "एवढे खाल्ले" म्हणून पुढे ढकलतात. पण पोर्टल फक्त खर्च दाखवतं. काम किती झालं ते मोजमाप पुस्तिकेत असतं, जिला सगळे एमबी म्हणतात. सिमेंट रस्ता किंवा नाली बांधून झाली की अभियंता लांबी, रुंदी, जाडी एमबीत लिहितो आणि त्यावरून बिल बनतं. म्हणून माहिती अधिकाराच्या अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. एकच काम धरा आणि त्याचं इस्टिमेट, कार्यारंभ आदेश, एमबीची पानं आणि व्हाउचर मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाचं नागपूर खंडपीठ. कागद हातात आले की चार माणसं आणि मोजायची फीत घेऊन त्या रस्त्यावर जा. समजा एमबीत 120 मीटर लिहिलंय आणि फीत 95 वर संपली, तर तक्रारीत तेवढंच लिहा, पान क्रमांकासह. "भ्रष्टाचार झाला आहे, चौकशी व्हावी" हा अर्ज टेबलाखाली जातो. 25 मीटर कुठे गेले, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

ग्रामसभा कागदावर होते हे बऱ्याच गावांत खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण ते आपोआप होत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि सबळ कारण नसताना त्या टाळणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी असेल ती संख्या. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. कागदी ग्रामसभेची वाट इथूनच निघते. शंभर माणसं खाली सतरंजीवर बसली आणि प्रोसिडिंग, म्हणजे सभेचा लेखी वृत्तांत, जागेवरच वाचून दाखवा म्हणाली, तर सह्या घरोघर फिरवून गोळा करता येत नाहीत.

"काढता येत नाही" हा दावा तर सरळ चुकीचा आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावरही अविश्वास ठराव येतो. पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने सोडून, तीन चतुर्थांश सदस्यांनी तो मंजूर करायचा आणि मग विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब व्हायला हवं. गैरवर्तनासाठी कलम 39 आहे: जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची (सीईओ) चौकशी, त्यावर विभागीय आयुक्तांचा निर्णय. ही वाट लांबते, भिवापूरच्या कास्तकाराला नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्यांच्या चकरा परवडत नाहीत, ही तक्रार रास्त आहे. चौकशीला मुदत घाला, सुनावणी तालुक्याला घ्या, अशी मागणी करा. त्यासाठी मीही सही करेन.

राहिला प्रशासक. तो प्रयोग आपण पाहिलाय. 2020 मध्ये कोविडमुळे निवडणुका थांबल्या तेव्हा राज्यातल्या 14 हजारांहून अधिक ग्रामपंचायतींवर प्रशासक नेमायची वेळ आली. पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने खासगी व्यक्तीही नेमता येईल अशी सोय सरकारने आधी केली होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी सरकारी अधिकारी नेमले गेले. प्रशासक म्हणून पंचायत समितीचा विस्तार अधिकारी आला, तर त्याच्याकडे त्याचं मूळ काम असतंच, त्यात गावांचा कारभार वरून पडतो. नाली तुंबली तर त्याला शोधायला पंचायत समितीत जायचं, आणि साहेब दौऱ्यावर असतात. सरपंच निदान संध्याकाळी गावात असतो, त्याच्या दारात उभं राहून भांडता येतं. प्रशासकावर अविश्वास ठराव आणता येत नाही, पुढच्या निवडणुकीत त्याला पाडता येत नाही, आणि त्याची तक्रार करायची तर त्याच्याच वरिष्ठाकडे.