‘नंबराबरोबर दाराचा रंगही निघाला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमचा ‘काढता येणारा’ रेसिंग नंबरचा स्टिकर काढताना दाराचा रंग सोलून आला आणि आम्ही हलका माल वापरतो. ऑटोक्रॉसच्या (आखलेल्या मार्गावरच्या कार-शर्यतीच्या) आनंदावर विरजण पडलं, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण ‘हलका माल’ हे लागलं, सर. दुकानाच्या बोर्डावर वडिलांचं नाव आहे. तुमच्या गाडीला लावलं ते कमी चिकट गमचं रिमूव्हेबल व्हिनाइल (सहज निघणारं प्लास्टिक स्टिकर) होतं, साधं रेडियम नव्हे. तुम्ही आधी मॅग्नेट शीट मागितली होती. ती वेगात उडू शकते, खाली धूळ शिरली की ओरखडे पडतात, म्हणून आम्हीच नको म्हटलं. नाहीतर शीट विकून आम्हाला चार पैसे जास्तच सुटले असते.

आता रंगाचं. तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा, सोललेल्या जागी खाली गुलाबीसर पुट्टी दिसतेय. कंपनीच्या रंगाखाली पुट्टी नसते. म्हणजे ते दार गॅरेजमध्ये रंगवलेलं आहे. कंपनीत रंग 140 अंशांच्या आसपास भाजतात, गॅरेजच्या बूथमध्ये 60च्या आसपास, आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये नुसता हवेवर वाळतो. त्याची पकड कंपनीसारखी कशी असेल? ‘दाराचं काम झालंय का’ असं दुकानातल्या पोराने विचारलं होतं. तुम्ही फोनवर होतात, मानेनेच नाही म्हणालात. दुसऱ्या दाराचा नंबरही त्याच रोलमधला. तो स्वच्छ निघाला, पण रिव्ह्यूत ते काही आलं नाही.

शिवाय रेस झाली की त्याच संध्याकाळी काढा, ड्रायरने कोमट करून कडेपासून हळूहळू ओढा, हे सांगितलं होतं. तुम्ही महिनाभराने काढला, तोही एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीवरून. इतके दिवस तापल्यावर कुठलाही गम धरतोच. (नंबर लावून ऑफिसला जायला सगळ्यांनाच आवडतं, आमची हरकत नाही.)

गाडी घेऊन या, राहिलेला गम फुकट साफ करून देतो. रंगाचा खर्च मात्र आम्हाला झेपणारा नाही. यापुढे सूचना छापून द्यायचं बघतोय. आणि जमलं तर त्या एका स्टारचंही बघा सर, लोक हल्ली रिव्ह्यू वाचूनच फोन करतात.