कलतंय थोडं

६३ कुलपं, एकूण वजन २४ किलो, आणि एकाचीही किल्ली नाही. असला संग्रह बाळगणाऱ्याने फळ्यांच्या बाबतीत शहाणपण मिरवू नये, हे कबूल. पण काल शेजारचे काका दारातच थबकले, कुलपांसाठी मी भिंतीवर बसवलेल्या फळ्यांकडे बघत मान एका खांद्याकडे झुकवली आणि म्हणाले, "कलतंय थोडं." ते अजून माझ्या घशात अडकलंय.

कशाकशातून काय उभं केलं होतं ते आधी सांगतो, म्हणजे दुखणं कळेल.

वरचा भाग कुणीतरी टाकून दिलेल्या टेबलाच्या तीन ड्रॉवरांचा. ड्रॉवर भिंतीला लावला की त्याचा तळ होतो पाठ आणि बाजू होतात फळ्या. १२ सेंटिमीटर खोलीचं कपाट फुकटात मिळतं आणि कुलपांना तेवढी खोली पुरते. लोक फसतात ते टांगताना. तळातून सरळ भिंतीत स्क्रू मारून मोकळे होतात. तो तळ असतो ४ मिलिमीटर प्लायचा, नुसता खाचेत सरकवलेला. भार आला की स्क्रू भिंतीत राहतो, प्लाय स्क्रूवर राहतं आणि बाकीचं कपाट जमिनीवर. म्हणून वरच्या फळीच्या खाली, आतल्या बाजूने, २० मिलिमीटर जाडीची पट्टी गोंद आणि स्क्रूने जोडायची आणि भिंतीचे स्क्रू त्या पट्टीतून न्यायचे.

खालची ९० सेंटिमीटरची लांब फळी पॅलेटची, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीची. पॅलेटवरचा शिक्का वाचल्याशिवाय त्याला हात लावू नये. 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे, खुशाल घ्या. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. ते जिथे दिसलं तिथेच राहू द्या. आणि खिळे उपटायच्या फंदात पडू नका. पॅलेटचे खिळे बहुधा पीळदार असतात, लाकूड फुटतं पण ते सुटत नाहीत. फळी आणि ठोकळा यांच्या फटीत एक्सा ब्लेड घालून खिळाच कापायचा आणि फळीत उरलेलं डोकं मागून ठोकून काढायचं. एक डोकं जरी राहिलं तरी रंध्याच्या पात्याचा कोपरा जातो. माझा गेला. मग दोन तास पातं घासण्यात गेले, त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

फळी वाकते किती, याचं गणित निर्दयी आहे. दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर तेवढ्याच वजनाला वाक आठपट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून मधे तिसरा आधार दिला आणि पुढच्या काठाला ४० मिलिमीटर रुंदीची पट्टी उभी चिकटवली. ही पट्टी बघणाऱ्याला नक्षी वाटते, खरं काम तीच करते. भुशाच्या दाबीव बोर्डाची फळी मात्र कितीही गुळगुळीत असली तरी जड वस्तूंना घेऊ नये. ती पहिल्या दिवशी ताठ असते आणि मग महिनोन्‌महिने हळूहळू पोट काढत राहते.

कुलपं घसरू नयेत म्हणून मी आधी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे अंथरले होते. फारच हुशारी. ट्यूबच्या रबरात गंधक असतं आणि गंधकाने पितळ काळं पडतं. ११ कुलपांच्या बुडाला काजळी लागल्यासारखे डाग आले, तेव्हा ते रबर गुंडाळून ठेवलं. आता सुती कापड आहे.

तर काका. शनिवारी भिंतीवर माप घेताना मी त्यांना म्हटलं होतं, "काका, टेपचं एक टोक धरता का?" तेव्हा त्यांनी कंबर धरली होती. काल मात्र ती कंबर छान वाकत होती. गुडघ्यांवर हात ठेवून, एक डोळा मिटून त्यांनी फळी न्याहाळली.

"डावीकडे उतरलंय."

"लेव्हल लावून बसवलंय, काका." लेव्हल म्हणजे सपाटी तपासायची, आत बुडबुडा असलेली पट्टी.

"लेव्हलला काय कळतं? ती निर्जीव वस्तू."

मी समजावलं की डोळा फसतो. डोळा फळीची तुलना छताच्या रेषेशी करतो आणि छतच तिरकं असेल तर सरळ फळीही तिरकी दिसते. हे खरं आहे आणि मी ते चांगलं मांडलंही. काका तोवर कुलपांकडे वळले होते.

"हे उघडतं?"

"नाही."

"हे?"

"एकही उघडत नाही, काका. किल्ल्याच नाहीत."

"मग बंद तरी होतात का?"

याला उत्तर होतं. काही होतात. पण बंद केलेलं कुलूप परत उघडणार कसं, या पुढच्या प्रश्नाला मी घाबरलो आणि विषय बदलायला लेव्हल आणून फळीवर ठेवली. बुडबुडा बरोब्बर दोन रेघांच्या मधोमध. मी काहीही बोललो नाही. अशा वेळी न बोलण्यात जी मजा असते ती मी पुरेपूर घेतली.

काकांना त्यावरचे बारीक आकडे वाचायचे होते. चष्मा घरी. त्यांनी लेव्हल उचलली, उजेडाकडे धरली, डोळ्यांजवळ नेली आणि परत ठेवली ती टोकाची टोकाला उलटी. बुडबुडा निवांतपणे उजवीकडे निघून गेला.

लेव्हल विकत घेतल्या दिवशीच जी परीक्षा करायची असते ती हीच. एका जागी ठेवून बुडबुडा बघायचा, मग तिथेच टोकं फिरवून ठेवायची. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला तेवढाच गेला तर जागा तिरकी, लेव्हल खरी. बुडबुड्याची बाजू बदलली तर लेव्हल खोटी, आणि उलटवल्यावर चूक दुप्पट दिसते. माझी ३० सेंटिमीटरची लेव्हल २ मिलिमीटरने खोटी निघाली. म्हणजे ९० सेंटिमीटरच्या फळीत ६ मिलिमीटर. डावीकडे. हे सगळं मला ठाऊक होतं, लोकांना सांगितलंही आहे. केलं नव्हतं.

"बघ," काका म्हणाले. का ते त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारावंसंही वाटलं नाही.

ते गेल्यावर पारदर्शक नळीत पाणी भरलं. मधे हवेचा फुगा राहू द्यायचा नाही आणि दोन्ही तोंडं उघडी ठेवायची, की दोन्हीकडचं पाणी एका पातळीत येतं. नळीला विकत घेतानाच्या परीक्षेची गरज नसते. फळी ६ मिलिमीटर उचलायची होती, आणि भिंतीतली भोकंही ६ मिलिमीटरचीच. जुन्या भोकाला लागून नवं भोक पाडायला गेलं की ड्रिलचा बिट घसरून जुन्यातच जातो आणि शेवटी दोघांचं मिळून एक लांबट भगदाड होतं. त्यात प्लग, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकलेली गुल्ली, काय धरणार! म्हणून आधाराच्या पट्टीतच ४० मिलिमीटर बाजूला नवी भोकं घेतली आणि भिंतीत गिलाव्याच्या मागे वीट लागेपर्यंत आत गेलो. नुसत्या गिलाव्यात बसलेला प्लग हाताने ओढला तरी येतो. जुनी भोकं लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवली. लेव्हलच्या खोट्या टोकाला आठवणीसाठी लाल चिकटपट्टी लावली.

आज सकाळी काका परत आले. फळीकडे बघितलंसुद्धा नाही.

"ती तुझी लेव्हल दे जरा. भिंतीवर घड्याळांची रांग लावायचीय. पाच आहेत."

दिली. देण्याआधी लाल चिकटपट्टी तेवढी काढून ठेवली.