शेठ, यंदा सेफ्टी मनावर घ्याच

शेठ, पार्टीचा, म्हणजे जिचा माल आपण भरतो त्या कंपनीचा, मेल आलाय म्हणे. पुढच्या महिन्यात ऑडिट, आणि त्यांना तुमचा ड्रायव्हर सेफ्टी आणि कोचिंग प्रोग्राम बघायचाय. अजिबात टेन्शन घेऊ नका. चाकणच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्या लावण्यात नऊ वर्षं घालवलीत मी, असे तीन प्रोग्राम माझ्या हातून उभे राहिलेत आणि तिन्ही अजून फाईलीत धडधाकट आहेत, एकाला साधा ओरखडाही नाही.

सुरुवात बॅनरपासून करायची. रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम पूर्वी जानेवारीत आठवडाभर असायचा, आता महिनाभर चालतो, म्हणजे फोटो काढायला भरपूर दिवस मिळतात. बॅनरवर तुमचा फोटो मोठा, चिरंजीवांचा मध्यम, ट्रकचा छोटा, आणि ड्रायव्हरचा फोटो कशाला, तो समोर बसलेला असतोच की. पहिल्या रांगेत कुणाला बसवायचं हाही प्रश्न नाही, रात्रभर गाडी ओढून पहाटे पाचला यार्डात आलेत ना त्या चौघांना उठवून आणा, ते जागचे हलत नाहीत त्यामुळे फोटो एकदम स्वच्छ येतो.

ट्रेनर असा बघा ज्याने ट्रकचा क्लच आयुष्यात दाबलेला नाही, म्हणजे बोलताना तो कुठे अडखळत नाही. हो, भोसरीला सीआयआरटी, म्हणजे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे, तिथे ड्रायव्हर ट्रेनिंगची सोय आहे, चाकणहून फार लांबही नाही, पण तिथे माणूस पाठवला की इथे गाडी उभी राहते आणि गाडी उभी राहिली की तुमचं बीपी चढतं, म्हणून तो विषय नकोच. प्रोजेक्टर, इंग्रजी स्लाइडा, वडापाव, दोन तासांत आटपतं. फक्त एका स्लाइडला सांभाळा. 'थकवा जाणवल्यास वाहन सुरक्षित ठिकाणी थांबवावे.' ही आली की मागून हमखास कुणीतरी विचारतो, "सर, कुठं?" त्या वेळी चहा आला म्हणून जाहीर करायचं.

आता मुख्य गोष्ट, टाइमटेबल. प्रोग्राममध्ये टाइमटेबलचा उल्लेख चुकूनही करायचा नाही. आपली चाकण-नागपूर लाइन घ्या. गाडी सकाळी आठला कंपनीच्या गेटवर लागते. आत घेतात दुपारी तीनला. भरून, ताडपत्री-दोरी मारून, कागद हातात पडून बाहेर निघेपर्यंत रात्रीचे नऊ. मधले तेरा तास ड्रायव्हर काय करत होता? आपल्या हिशोबात आराम. मे महिन्यात, पत्रा तापलेल्या केबिनमध्ये, दर पंधरा मिनिटांनी वॉचमन "गाडी पुढे घे" म्हणून दारावर दांडकं वाजवतोय, तो आराम. (2025 पासून नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलाय, पण तुमच्या सगळ्या गाड्या आधीच्या आहेत, थोडक्यात सुटलात.) आणि मग नऊ वाजता आपण त्याला प्रेमाने सांगतो, मामा, उद्या दुपारी दोनच्या आत नागपूरला गाडी खाली झाली पाहिजे, नाहीतर लेट पेनल्टी लागेल आणि ती तुमच्या भत्त्यातून जाईल. सातशेच्या आसपास किलोमीटर. गुणाकार-भागाकार तुम्हीच करा, लोडेड गाडीचं अ‍ॅव्हरेज ताशी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर धरा आणि बघा त्यात झोप कुठे बसते का. गेटवर गेलेले तेरा तास परत मिळवायची एकच जागा उरते, ती म्हणजे रात्र.

कायदा आहे, माहितीये. मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट, 1961 चा, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. जुन्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, लांबच्या रूटला थोडी सूट, असं होतं. पाच कामगार असले की लागू व्हायचा आणि तुमच्याकडे चाळीस गाड्या आहेत. पण त्यावरही उपाय आहे, त्याला रजिस्टर म्हणतात. ऑफिसातल्या पोराला एक संध्याकाळ बसवा, वर्षभराचं रजिस्टर एका हाताने एका पेनाने लिहून होतं, रोज आठ तास, दिवाळीला पण आठ तास, ज्या दिवशी गाडी गॅरेजला होती त्या दिवशीही आठ तास. फक्त जीपीएसचा रिपोर्ट त्याच फाईलीत लावू नका. आम्ही एकदा लावला होता. ऑडिटरने दोन्ही पानं शेजारीशेजारी धरली, बराच वेळ बघितली, आणि मग पाणी मागितलं.

पुढचं कलम, कॅमेरा. आता एआयवाला मिळतो, काचेला लावायचा, ड्रायव्हरने जांभई दिली, डोळा मिटला, मोबाईल उचलला की टूंटूं वाजतो आणि अलर्ट थेट कंट्रोल रूमला येतो. वस्तू चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत शरीर झोप मागतंच, कितीही तंबाखू मळा, आणि ताशी 80 ने गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते, म्हणजे नुसता तीन सेकंद डोळा लागला तर 66 मीटर ती गाडी कुणीच चालवत नसतं. समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्याला तर स्टिअरिंगही जागं करत नाही. तर तीन दहाला अलर्ट येतो. कंट्रोल रूम म्हणजे आपला तो पोरगा, दोन खुर्च्या जोडून झोपलेला, कारण त्याचीही डबल ड्युटी लावलीय आपण. सकाळी नऊला तो उठून अलर्टची पीडीएफ करतो आणि ग्रुपवर टाकतो, लाल रंगात, नावासकट, चाळीस ड्रायव्हरांपुढे. याला कोचिंग म्हणायचं. बाहेर काही फ्लीटमध्ये म्हणे सुपरवायझर ड्रायव्हरला एकट्याला बाजूला बसवतो, क्लिप दाखवतो, नेमकं काय झालं होतं ते आधी त्याच्या तोंडून ऐकतो, तेही दोन-तीन दिवसांत, विसरायच्या आत. एवढा वेळ कुणाला आहे? आपण सरळ फोन लावायचा. गाडी चालू असताना लावायचा, त्याने उचलला की गाडी चालवताना फोन उचलल्याबद्दल झापायचं.

कॅमेऱ्याला स्कोअर पण असतो. करकचून ब्रेक मारला की मार्क कमी. आमच्याकडे एकाने राजगुरुनगरला राँग साइडने आलेल्या दोघा पोरांना वाचवायला ब्रेक दाबला, पोरं वाचली, गाडी जागेवर उभी, माल जरा हलला. त्याचा स्कोअर घसरला आणि त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. मी म्हटलं क्लिप बघा की राव, तर साहेब म्हणाले क्लिप बघायचा वेगळा चार्ज आहे. दुसऱ्या महिन्यापासून तो काचेवरच्या कॅमेऱ्यावर गाडी पुसायचं फडकं वाळत घालायला लागला, आणि स्कोअर असा सुधारला की विचारू नका.

डिझेलची स्कीम मात्र सेफ्टीच्या फाईलीपासून लांब ठेवा, ती अकाउंट्सवाल्यांची. अ‍ॅव्हरेज चांगलं दिलं तर बक्षीस, कमी दिलं तर कापणी. मग कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार आला की ड्रायव्हर काय करतो? न्यूट्रल मारतो. कुणी कुणी इंजिनही बंद करतो. 20 नोव्हेंबर 2022 ला त्याच उताराला एका ट्रकने जवळपास 48 गाड्यांची वाट लावली, आणि डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं असं प्राथमिक तपासात पुढे आलं. आता खरी गंमत ऐका. गियरमध्ये गाडी उतरवली तर इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेकवर सगळा भार येत नाही. न्यूट्रलमध्ये तो सगळा ब्रेकच्या ड्रमवर आणि लायनरवर, ते तापतात, आणि तापले की पाय जमिनीला टेकला तरी लागत नाहीत. इंजिन बंद असेल तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद, दोन-चारदा पॅडल मारलं की हवा संपत आली. बरं एवढं करून वाचतं काय? आजकालच्या कॉमन रेलच्या इंजिनाला गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरलात तर डिझेलच जात नाही, उलट न्यूट्रलला इंजिन आयडलवर राहून थोडं पितंच! हे ड्रायव्हरांना अर्धा तास उताराशेजारी उभं करून सांगता येतं. पण आपण यार्डाच्या भिंतीवर 'उतारावर वाहन गियरमध्ये ठेवा' अशी पाटी लावली, आणि शेजारीच महिन्याच्या अ‍ॅव्हरेजची यादी, पहिल्या तीन नावांना हायलाइटरने पिवळं करून. कुठली पाटी लोक थांबून वाचायचे ते सांगायला नको.

ओव्हरलोडवर फार बोलत नाही. दंड 20,000 आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, तो भाड्यात कसा बसवायचा हे तुम्ही मला शिकवलंय, मी तुम्हाला काय सांगणार.

पार्टी स्वतः सेफ्टीला किती जपते ते मात्र शिकण्यासारखं आहे. सेफ्टी शूज आणि हेल्मेटशिवाय ड्रायव्हरला गेटच्या आत पाऊल टाकू देत नाहीत. म्हणून आमच्या गाडीत एक जोड कायमचा, नऊ नंबरचा, सगळ्यांना तोच, सहा नंबरवाला पुढे चिंध्या कोंबून घालायचा. ज्यांच्याकडे तोही नाही त्यांच्यासाठी गेटबाहेरच्या चहावाल्याकडे भाड्याने मिळायचा. गेटच्या आत पायाच्या अंगठ्याची एवढी काळजी, आणि त्याच माणसाला रात्री नऊला बाहेर सोडताना शेवटचा कधी झोपला होतास हे विचारायला फॉर्ममध्ये जागा नाही. संडास विचारू नका, तो स्टाफसाठी आहे.

आणि एवढं करूनही अपघात झालाच तर घाबरायचं नाही, चौकशीचा फॉर्म आधीच छापून ठेवायचा, कारण या रकान्यात 'ड्रायव्हरची चूक' टाइप करूनच. तारीख आणि गाडी नंबर तेवढा पेनाने. 2022 सालात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, सरकारी आकडा आहे, आणि त्यात बहुतेक मृत्यू अतिवेगाच्या नावावर मांडलेत. वेग कुणाच्या पायाने वाढला ते फॉर्मात येतं, कुणाच्या फोनने वाढला ते येत नाही, ही आपल्या बाजूची गोष्ट. ड्रायव्हर पळून गेला तर अजून सोपं. जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमावरून गाड्या उभ्या राहिल्या, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा सगळ्यांना दोन दिवस कळलं की ड्रायव्हर नावाचा प्राणी असतो. अपघातानंतर जमाव अंगावर आला तर काय करायचं, 112 ला कळवायचं, जवळचं पोलीस ठाणं गाठायचं, ऑफिसातून कोण वकील धावणार, हे आधी शिकवून ठेवायला एक कागद पुरतो. पण तो कागद केला की त्यावर तुमचा नंबर टाकावा लागतो.

शेवटी बक्षीस समारंभ. एसटीत वर्षानुवर्षं विनाअपघात गाडी चालवणाऱ्याचा सत्कार होतो, तसा आपणही करायचा. आमच्याकडे पहिल्या वर्षीचा बेस्ट ड्रायव्हर जो निघाला त्याची गाडी अकरा महिने इंजिनच्या कामाला गॅरेजमध्ये होती. शून्य अपघात, शून्य अलर्ट, शून्य करकचून ब्रेक. त्याला हेल्मेट दिलं, टू-व्हीलरचं.

आणि एक मामा होते, नाव नको. अठ्ठावीस वर्षं ट्रकवर, गाडीला एक पोचा नाही. रात्री दीडच्या आसपास नेवासा फाट्याच्या ढाब्यावर गाडी लावायचे, फोन बंद करायचे, साडेपाचला उठून तोंड धुऊन निघायचे. कितीही ओरडा. "साहेब, झोपलो होतो," एवढंच. नागपूरला संध्याकाळी पोचायचे, पेनल्टी भरायचे, पुढच्या ट्रिपला पुन्हा तेच. सिस्टिममध्ये त्यांच्या नावापुढे दर ट्रिपला विनापरवानगी थांबा, लाल. सगळ्यांत कमी स्कोअर त्यांचाच, म्हणून कोचिंगला पहिला नंबरही त्यांचाच लागला. तेवीस वर्षांच्या पोराने त्यांना चाळीस मिनिटं डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग समजावलं, मामांनी मान डोलवत ऐकलं, आणि सही करताना फॉर्मच्या खाली 'ड्रायव्हरचा अभिप्राय' म्हणून एक रकाना होता तो पाहिला. नऊ वर्षांत तो भरलेला मी पाहिला नव्हता. मामांनी चष्मा काढला, माझ्याकडून पेन घेतलं आणि मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, गाडी आठला लावली तर दहाला भरून द्या, मी झोपून पण टायमात येतो.

तर शेठ, फॉर्म नवीन छापाल तेव्हा तो रकाना काढून टाका. ऑडिटला लागत नाही.