‘कोकणात जातपात नव्हतीच’ म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

गणपती जवळ आले की चाकरमान्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोकणात जातपात कधी नव्हतीच, बारा बलुतेदार गुण्यागोविंदाने नांदत होते. गरिबी सगळ्यांच्याच घरी होती. आमचे आजोबा कंदिलाच्या उजेडात शिकले, त्यांना कुणी सवलत दिली नाही. भेदभाव असलाच तर तो १९५० साली संपला. बाबासाहेबांनीही आरक्षण दहाच वर्षांसाठी ठेवलं होतं. आता द्यायचंच तर गरिबी बघून द्या, आणि जुने विषय उकरून गावात फूट पाडू नका.

हा मजकूर पाठवणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, काही नात्यातले आहेत. ती माणसं वाईट नाहीत. पण ते जे पुढे ढकलतायत ते खरं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

जातपात नव्हती म्हणता, तर महाडला काय झालं? ते कोकणातच आहे. चवदार तळं सार्वजनिक होतं. तिथे मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरंढोरं पाणी पीत. अस्पृश्यांना मात्र मनाई. सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कौन्सिलात ठराव आणून १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करून घेतले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळाला, तरी पाण्याला हात लावायची कुणाची छाती होईना. महाडला अस्पृश्यांची परिषद भरली, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे आलेल्या हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार’ अशी आवई उठली आणि परिषदेला आलेल्या माणसांना जेवणाच्या जागी, रस्त्यात गाठून मारहाण झाली. पुढे शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळं खाजगी आहे असं म्हणत काही मंडळी कोर्टात गेली. निकाल उच्च न्यायालयापर्यंत जाऊन बाबासाहेबांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. तळ्याचं पाणी प्यायचा हक्क आहे एवढं सिद्ध करायला दहा वर्षं गेली. याला गुण्यागोविंदाने नांदणं म्हणायचं असेल तर गोविंदा कुणाच्या वाट्याचा होता ते सांगा.

महाड हा अपवाद असेल, असंही कुणी म्हणेल. तर रत्नागिरी बघा. पतितपावन मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशातून उभं राहिलं. सर्व जातींच्या हिंदूंना आत येता यावं हाच ते बांधण्याचा हेतू. आपण त्याचा अभिमान सांगतो आणि तो सांगावाच. पण रत्नागिरीतली बाकीची देवळं सगळ्यांना खुली असती तर या मंदिराची गरजच पडली नसती. आणि त्याच्याही आधी, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. नसलेल्या विटाळाचं विध्वंसन करायला कुणी पुस्तक लिहीत नाही.

आता गरिबीचा मुद्दा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

माझ्या आजोळी खोती होती, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरागत हक्क. माळ्यावरच्या पेटाऱ्यात त्या काळातल्या वह्या अजून आहेत, कसर लागलेल्या. ओळीमागून ओळ: कुळाचं नाव, खाचराचं नाव, भात किती खंडी किती मण, आणि शेवटच्या रकान्यात बाकी. बाकी पुढच्या वर्षीच्या पानावर ओढलेली, तिथून त्याच्या पुढच्या. बापाच्या नावावरची बाकी मुलाच्या नावापुढे आलेली दिसते. खाली आडवी रेघ मारून खातं बंद केलंय असं पान क्वचितच सापडतं.

ही बाकी कशी तयार होत होती? पीक उभं असताना खोत किंवा त्याचा माणूस बांधावर यायचा आणि नजरेने अंदाज करायचा, या खाचरात इतकं भात होईल. याला अभावणी म्हणत. त्या अंदाजावर कुळाने द्यायचा हिस्सा ठरायचा: अर्धेलीला निम्मा, तिर्धेलीला तिसरा. पुढे पाऊस लांबला, दाणा पोचट निघाला, तरी हिस्सा त्याच अंदाजावर. आणि अंदाज मुळात कुणी केला होता ते विसरू नका. शेजारच्याच शेतात धारेकरी असला तर तो फक्त सरकारी धारा भरायचा. म्हणजे एकाच मळ्यात, एकाच पावसात, एका घरात भात उरायचं आणि दुसऱ्या घरात बाकी उरायची. वर वेठ होती ती निराळीच. खोत काही एकाच जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, मराठे होते, कायस्थ होते, मुसलमानही होते. कुळं मात्र बहुतेक कुणबी, आगरी, महार, भंडारी. १८८० च्या खोती कायद्याने या सगळ्याला नीट सरकारी चौकट दिली.

तेव्हा, हो, खोताच्या घरीही पैसा फार नसेल. कोकणात कुणाकडे होता? माझ्या आजोळच्या बायकांनीही काटकसरीतच दिवस काढले. पण पावसाळ्यात कणगीत भात असणं आणि आषाढात उसनं भात मागायला त्याच घराच्या पायरीखाली उभं राहणं, या दोन गरिब्या एक नाहीत. पायरीखाली म्हणतोय ते शब्दशः. काहींना ओटीवर येता येत होतं, काहींना नाही.

‘मग कुळकायद्यात खोतांच्या जमिनी गेल्या त्याचं काय?’ हा प्रश्न मजकुरात नसतो, पण चर्चेत हमखास निघतो. गेल्या, हे खरं आहे. खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि ज्यांचं नाव कुळ म्हणून कागदावर होतं त्यांना जमीन मालकीने मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. काही घरांना तो मोठा फटका होता, एकट्या विधवांना तर फारच. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते लपवायचं कारण नाही. पण तोवर काय झालं होतं तेही बघा. त्या जमिनीच्या भातावर आधीच्या दोन पिढ्या मॅट्रिक झाल्या होत्या. कुणी मामलेदार कचेरीत, कुणी पोस्टात, कुणी शाळेत, कुणी मुंबईला पेढीवर लागला होता. जमीन गेली तेव्हा गिरगावात किंवा पुण्यात एक बिऱ्हाड तयार होतं, जिथे भाच्या-पुतण्यांनी येऊन राहावं आणि कॉलेज करावं. खोती गेली, खोतीने दिलेलं शिक्षण आणि ओळखीपाळखी राहिल्या. कुळाच्या घरात त्याच साली पहिला मुलगा चौथीत असेल तर नशीब. आणि ज्याचं कूळ तोंडी होतं, पीकपाहणीला ज्याचं नाव कुणी लावलंच नव्हतं, त्याला तर जमीनही मिळाली नाही.

म्हणूनच ‘आजोबा स्वतःच्या हिमतीवर शिकले’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. ते शिकले यात त्यांची मेहनत आहेच. पण ज्या शाळेत ते शिकले तिथे त्यांना आत बसू दिलं होतं.

बाकीच्यांसाठी कुठली दारं बंद होती त्याची दोन उदाहरणं देतो, दोन्ही कोकणी माणसाच्या रोजीरोटीची. पहिलं पलटणीचं. कोकणातले महार पिढ्यान्‌पिढ्या मुंबई इलाख्याच्या लष्करात होते. बाबासाहेबांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि त्यांचे वडील सुभेदार रामजी. लष्करात पगार होता, पेन्शन होतं, आणि मुलांसाठी शाळा होती. १८९० नंतर इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ नावाचं खूळ काढून महारांची भरती बंद केली. वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला, उपयोग झाला नाही. गुणवत्ता रणांगणावर सिद्ध केलेल्या लोकांना जात सांगून परत पाठवलं गेलं.

दुसरं गिरणीचं. रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्या भरल्या, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. विणकाम खात्यात पगार चांगला होता. पण मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, बदलली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आपण तोंड कसं लावायचं, असा बाकी कामगारांचा आक्षेप. त्यामुळे विणकाम खातं अस्पृश्यांना बंद. त्यांनी कमी पगाराच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, राबायचं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली होती. एकाच गावातून, एकाच बोटीने आलेली दोन माणसं घ्या. एक जण विणकाम खात्यात लागला, दुसरा रिंग खात्यात, आणि दोघांच्या मनीऑर्डरींत आयुष्यभर फरक राहिला. त्या फरकातून एकाच्या घरावर कौलं चढली. यात हुशारीचा प्रश्न आला कुठे?

‘१९५० साली सगळं संपलं’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. अस्पृश्यता घटनेच्या १७ व्या कलमाने बेकायदा ठरली, बरोबर. पण महाडचा ठरावही कागदावर होता. वाळीत टाकणं कोकणाला नवं नाही. दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या स्वतःच्या गावाने त्यांना बहिष्कृत केलं. स्वतःच्याच जातीतल्या, पुढे भारतरत्न ठरलेल्या माणसाची ही गत. आणि हे फार जुनं म्हणाल, तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला तो २०१६ साली, आणि लागू झाला जुलै २०१७ मध्ये. तो करावा लागण्यामागे रायगड जिल्ह्यातल्या गावकीच्या बहिष्काराच्या प्रकरणांचा मोठा वाटा होता. लोकांशी बोलायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही, लग्नाला-मयताला जायचं नाही. हे मोबाइलच्या काळातलं आहे.

दहा वर्षांचा मुद्दा पटकन निकालात निघतो. घटनेतली दहा वर्षांची मुदत ३३४ व्या कलमात आहे आणि ती फक्त लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांची आहे. संसदेने ती वेळोवेळी वाढवली, आता २०३० पर्यंत आहे. नोकरीतल्या आरक्षणाला १६(४) मध्ये आणि शिक्षणातल्या सवलतींना १५(४) मध्ये अशी मुदत घातलेली नाही. आणि ‘पंचाहत्तर वर्षं घेतायत’ म्हणताना हेही ध्यानात घ्या की कुणबी, भंडारी, आगरी, तेली यांना केंद्राच्या नोकऱ्यांत आरक्षण प्रत्यक्ष मिळायला लागलं ते मंडल आयोगाच्या शिफारशींवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १९९३ पासून. १९५६ ला धर्मांतर केलेल्या बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींसाठी १९९० उजाडावं लागलं. मजकूर पाठवणाऱ्यांत कुणबी आणि भंडारी मुलंही असतात, याचं मला खरंच दुःख होतं.

‘गरिबी बघून द्या’ याला उत्तर असं की तेही आता आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांना दहा टक्के दिले. ओबीसींना क्रीमी लेअरची, म्हणजे सुस्थितीतल्या घरांना वगळण्याची, अट आहेच. गरिबीसाठी शिष्यवृत्ती हवी, फीमाफी हवी, वसतिगृहं हवीत, मी त्यासाठी कुणाबरोबरही उभा राहीन. पण जात बघून जे नाकारलं गेलं ते जात न बघता कसं भरून द्यायचं? शिवाय आपल्याला वाटतं तसं आरक्षण ताटात वाढून येत नाही. रायगडातल्या कातकऱ्यांचं बघा. महाराष्ट्रातल्या अतिशय दुर्बळ ठरवलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. दिवाळीनंतर बिऱ्हाड वीटभट्टीवर, पावसाच्या तोंडावर परत. अनेक वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या, त्यामुळे घरकुल मंजूर करायला स्वतःच्या नावाची जागा नाही. जातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. तो कुठून आणायचा? आजा शाळेत गेला नाही, म्हणून शाळेचा दाखला नाही. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. मला माझ्या पणजोबांचा कागद दहा मिनिटांत काढून दाखवता येतो, कारण वह्या माझ्या घरात होत्या.

राहिला फुटीचा आरोप. महाडच्या परिषदेत तळ्यावर चला म्हणणारे अनंतराव चित्रे कायस्थ होते. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीसही कायस्थ. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण. त्या दुसऱ्या परिषदेला कुणी जागा देईना तेव्हा जागा दिली फत्तेखान यांनी. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांविरुद्ध २७ ऑक्टोबर १९३३ ला संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा जो मोर्चा गेला त्यात कोकणातले कुणबी आणि महार एका रांगेत चालत होते, एरवी ज्यांचे पाणवठे वेगळे होते ते.