मेलेल्या जेलीफिशचा बाऊ: रत्नागिरीकर काकांना उत्तर

नमस्कार काका,

डब्लिनजवळच्या पोर्टमारनॉकच्या किनाऱ्यावर दिसलेल्या लायन्स मेन (सिंहाच्या आयाळीसारखे लांब, डसणारे धागे असलेल्या) जेलीफिशवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच सुनावलंत: 'मेलेल्या जेलीफिशचा एवढा बाऊ कशाला? आम्ही लहानपणी काठीने उलट्या करायचो. डसलीच तर वाळू चोळायची, समुद्राच्या पाण्याने धुवायचं, संपलं.'

आधी माझी चूक. '१२० फुटी धागे' असं मी बिनधास्त ठोकून दिलं. ते माप एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला सापडलेल्या एका अजस्र नगाचं. आमची जेलीफिशबाई परातीएवढी होती.

पण मेली म्हणजे संपली, हे मात्र मान्य नाही. २०१० च्या जुलैत अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या वॉलिस सँड्स किनाऱ्यावर अशीच एक मेलेली, सुमारे १८ किलोची लायन्स मेन पाण्यात आली. काढायला गेले तर तिचे तुकडे झाले आणि ते तुकडे दीडशेच्या आसपास माणसांना डसले, त्यात पोरंही होती. दंशपेशीला जेलीफिश जिवंत असावी लागत नाही. स्पर्श झाला की आतली नळी फटकन सुटते.

आता तुमचा उपाय. तो मी केला होता, काका. पोस्टमध्ये लिहायची लाज वाटली. लेकीच्या पोटरीला ओल्या सुतळीसारखा लालसर धागा चिकटला होता. मी वाळूने घासला, खारं पाणी ओतलं, वर आइस्क्रीमवाल्याकडचा बर्फ लावला. दहा मिनिटांत एका वळाचे चार वळ झाले. घरी येऊन वाचलं, तर गॉलवे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्येच सांगून ठेवलेलं: लायन्स मेनला समुद्राचं पाणी आणि बर्फ लावल्याने दंश वाढतो. घासल्याने न फुटलेल्या पेशीही फुटतात. त्याऐवजी व्हिनेगरने धुवायचं, मग ४५ अंशांची ऊब ४० मिनिटं.

हे जसंच्या तसं जुहूला नेऊ नका मात्र. पावसाळ्यात तिथे येतात त्या निळ्या ब्लूबॉटल, त्या खऱ्या जेलीफिशही नाहीत. ऑस्ट्रेलियात त्यांना व्हिनेगर लावू नका, गरम पाणी वापरा असं सांगतात.

तुमच्या लहानपणीच्या त्या कुठल्या रंगाच्या होत्या, आठवतं का? पांढुरक्या असतील तर कदाचित सौम्य जातीच्या असतील. आणि ती काठी नंतर कोण हातात धरायचं?