देव काचेत, हरणं रस्त्यात

जपानमधल्या नारामध्ये देवळात शिरायला तिकीट लागतं आणि म्युझियममध्ये लोक हात जोडतात. हे निघण्यापूर्वी कुणीतरी सांगायला हवं होतं. कारण आमच्या घरात देवदर्शन आणि प्रेक्षणीय स्थळं ही दोन वेगळी खाती आहेत. देवदर्शन आईकडे. त्यात पहाटे उठणं, चपला कुठे ठेवायच्या याची काळजी आणि रांगेतल्या पुढच्या बाईशी नातं काढणं येतं. प्रेक्षणीय स्थळं बायकोकडे. त्यात प्रत्येक फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं येतं, 'कृपया हात लावू नये' धरून. माझ्याकडे दोन्ही खात्यांच्या पिशव्या असतात.

भाचा ओसाकात नोकरीला आहे. त्याने आखलेला बेत मोबाइलमध्ये होता आणि त्यात जेवणाला पंचवीस मिनिटं दिली होती.

"मामा, नारा म्हणजे एकदम सोपं. नाम्बाहून किन्तेत्सूची गाडी पकडायची, चाळीस मिनिटांत पोचतो. मग सगळं पायी."

त्या 'सगळं पायी'मध्ये काय काय होतं, ते स्टेशनबाहेर पडल्यावर कळलं. रस्ता सरळ होता, पण सरळ वर जाणारा. तिथे माणसाने ओढायच्या रिक्षा उभ्या होत्या आणि त्यातला एक गोरागोमटा तरुण आईकडे पाहून अदबीने वाकलासुद्धा. माझ्या आशा पालवल्या. पण आईने, माणसाच्या खांद्यावर बसून देवाला गेलं तर पुण्य त्याला लागेल, असा हिशेब मांडला आणि काठी टेकत पुढे झाली. आईचा एक गुडघा बदललेला आहे. दुसरा अजून मूळचा आहे आणि तोच दुखतो.

पहिला मुक्काम कोफुकु-जी हे बौद्ध देऊळ. इथला पाच मजली पॅगोडा पन्नास मीटर उंच, १४२६ साली पुन्हा बांधलेला, नाराच्या पोस्टकार्डांवर हमखास असणारा. आम्हाला दिसल्या त्या परांच्या आणि त्यावरचं आच्छादन. मोठी दुरुस्ती काढली आहे आणि ती अजून बरीच वर्षं चालायची आहे. बायकोने दुरुस्तीचा फलक मन लावून वाचला. मी आच्छादनाचा फोटो काढला, कारण भाच्याच्या बेतात तिथे 'फोटो' असं लिहिलं होतं.

खरा माल शेजारच्या राष्ट्रीय ठेव्यांच्या दालनात आहे. तिथे फोटो काढायला बंदी, त्यामुळे सगळे निमूटपणे मूर्तींकडे बघतात, ही मला जपानची फार मोठी सुधारणा वाटली. गर्दी होती ती असुराभोवती. साल ७३४. तीन तोंडं, सहा हात, काडीसारखे बारीक दंड. चेहरा मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा, तोही नुकतंच कुणीतरी रागावल्यासारखा. भुवया किंचित आत ओढलेल्या, ओठ मिटलेले, आणि पुढचे दोन हात चक्क जोडलेले. आत पोकळ आहे तो. कापडावर झाडाच्या चिकाचे थर चढवत केलेली मूर्ती, म्हणून वजनाला हलकी, म्हणूनच देवळाला आगी लागल्या तेव्हा उचलून बाहेर नेता आली. आमच्याकडची पाषाणाची मूर्ती असती तर तिला पळवायच्या भानगडीत न पडता पुजारीच पळाले असते.

"असुर?" आई म्हणाली. "राक्षसाला एवढं मानाचं स्थान?"

"आई, तो बुद्धाला शरण आलेला असुर आहे," बायको फलकावरून नजर न हलवता म्हणाली.

"मग त्यानेच नमस्कार केलाय, तर आपण कुणाला करायचा?"

याचं उत्तर फलकावर नव्हतं. बायकोने शोधलं. शेजारी चोच असलेली मूर्ती होती, ती मात्र आईने फलकाशिवाय ओळखली. "हा गरुड. हा इकडे कुठे आला?" आणि गावचा माणूस परदेशात भेटावा तसा तिने त्याला आनंदाने हात जोडला. पुढे किन्नर आणि गंधर्वही निघाले. बायको माहिती वाचत होती, आई हालहवाल विचारत होती, आणि भाचा घड्याळ दाखवत होता.

तिथून नारा राष्ट्रीय संग्रहालय. १८९५ साली उघडलेलं, जुनी इमारत पाश्चात्य थाटाची, आत बुद्धमूर्तींचं दालन. इथे आमच्या घरात फूट पडली. बायकोचं म्हणणं, हे म्युझियम आहे, इथे नमस्कार करत राहिलात तर रात्र होईल. आईचं म्हणणं, देव काचेत ठेवला म्हणून काही तो बरणीतलं लोणचं होत नाही. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी बाकावर बसलो होतो. समोर एक मोडक्या हाताची मूर्ती होती आणि मी तिच्याकडे इतका वेळ एकटक पाहत होतो की शेजारच्या जपानी गृहस्थांनी माझ्यासाठी जागा करून दिली. त्यांना मी मोठा जाणकार वाटलो असणार. त्या मूर्तीसमोर बाक होता, एवढंच.

निकाल एका जपानी आजीबाईंनी लावला. त्या एका काचेपुढे आल्या, पर्स कोपरात अडकवली, हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटल्या. आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला शाळेपासून माहीत आहे. त्यानंतर तिने एकही मूर्ती सोडली नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या देखरेख करणाऱ्या बाई उठून उभ्या राहिल्या, तेव्हा आईने त्यांनाही नमस्कार केला. त्या वाकल्या. आई वाकली. त्या जास्त वाकल्या. आईचा मूळचा गुडघा आड आला, नाहीतर दोघी संध्याकाळपर्यंत तिथेच असत्या.

बाहेर आलो तर वाकणारे आणखी भेटले.

नाराच्या बागेत हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात. कासुगा देवळाचा देव काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा आहे, म्हणून हरणं देवाची. १९५७ पासून सरकारनेही त्यांना नैसर्गिक ठेव्याचा दर्जा दिलाय. धर्म आणि सरकार या दोघांचाही वरदहस्त असलेला प्राणी जसा वागेल तशीच ती वागतात. रस्ता ओलांडताना मोटारी थांबतात आणि हरीण मधोमध उभं राहून आणखी काही विचार करतं.

दोनशे येनला त्यांच्यासाठी बिस्किटांची गड्डी मिळते. गव्हाचं पीठ आणि तांदळाचा कोंडा, साखर नाही. म्हणजे डॉक्टरांनी मला लिहून दिलेला नाश्ता. गड्डीभोवती कागदी पट्टी असते, तीसुद्धा हरणाच्या पोटात गेली तरी बाधू नये अशी. बिस्कीट वर धरलं की हरीण मान लववतं. पुन्हा लववतं. तिसऱ्यांदाही काही मिळालं नाही तर तुमचा शर्ट धरतं. आणि बिस्किटवालीच्या टेबलावर गड्ड्यांची रास उघडी असते, तिकडे एकही तोंड घालत नाही. बिस्कीट विकलं जाऊन गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत ती धीर धरतात. एवढी शिस्त मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेली नाही.

जवळच चार चित्रांचा फलक होता. बायको तो मोठ्याने वाचायला लागली. "अहो, ऐका. हरीण चावू शकतं. लाथ मारू शकतं. ढुशी देऊ शकतं..." चौथ्या चित्रापर्यंत ती पोचली तेव्हा माझ्या मागे तीन हरणं होती, कारण माझ्या खांद्यावरच्या पिशवीत आईने पहाटे उठून केलेल्या दशम्या होत्या. "मामा, पिशवी वर! त्यांना आपलं काही द्यायचं नसतं!" भाचा ओरडला. मी कुठे देत होतो? पिशवी डोक्यावर धरून मी गोल फिरलो, हरणंही फिरली, आणि एक तैवानी की कोरियन कुटुंब आमचा व्हिडिओ घेऊ लागलं. दशम्या वाचल्या. बाहेरच्या कप्प्यातला नकाशा गेला. सगळा नाही, उजवा कोपरा. आणि त्या कोपऱ्यात नेमकं कासुगा देऊळ होतं, म्हणजे आणखी दोन-अडीच किलोमीटरची जाऊन-येऊन चाल. मला हा स्वच्छ उजवा कौल वाटला.

दशम्या आम्ही एका दगडावर बसून, पाळतीवर असलेल्या हरणांकडे पाठ करून खाल्ल्या. बागेत तेव्हा कचऱ्याचे डबे नव्हते, कारण हरणं प्लास्टिक खातात. त्यामुळे लोणच्याचं पाकीट, केळ्यांच्या साली आणि रुमाल असं सगळं पुढचा सगळा दिवस माझ्या कोटाच्या खिशात, थेट महाबुद्धाच्या दर्शनालासुद्धा.

तोदाई-जी म्हणजे त्या महाबुद्धाचं देऊळ. त्याच्या दक्षिण महाद्वारात दोन लाकडी द्वारपाल आहेत, आठ मीटरहून उंच, जाळीमागे उभे. उन्केई, काइकेई हे मूर्तिकार आणि त्यांच्या कारागिरांनी १२०३ साली ते सुमारे सत्तर दिवसांत उभे केले. आमच्या सोसायटीच्या फाटकाला रंग द्यायला त्याहून जास्त दिवस लागले आणि तो अजून हाताला लागतो. द्वारपालाच्या पोटऱ्यांवरच्या शिरा पाहताना आईला माझ्या वडिलांची आठवण झाली. तेही कुणी बेल वाजवली की असेच दारात उभे राहत.

मग तिकीट. आणि मग तो.

मी ठरवून आलो होतो की भारावून जायचं नाही. पण उंबरठा ओलांडून मान वर करावी लागते आणि तरीही चेहरा येत नाही, तेव्हा काही क्षण माणूस गप्पच होतो. पंधरा मीटर ब्राँझ. बायकोसुद्धा फलक विसरली, साधारण अर्धा मिनिट. मग तिने इतिहास सांगितला. ८५५ साली भूकंपात डोकं पडलं, ११८० आणि १५६७ साली आगी लागल्या, त्यानंतर बरीच वर्षं हा उघड्यावर होता. आत्ताचं डोकं सतराव्या शतकातलं, आत्ताची इमारत १७०९ ची, तीही मूळच्यापेक्षा लहान.

"म्हणजे यांचंही बदललंय," आई म्हणाली आणि नवा गुडघा थोपटला.

भाच्याने शेवटी स्वतःच्या खिशातला हुकमी एक्का काढला. ७५२ साली या मूर्तीचे डोळे रंगवायचा मान एका भारतीयाला मिळाला, बोधिसेन त्याचं नाव. ७३६ साली तो जहाजाने इथे पोचला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना. तो कुंचला आणि दोरी इथल्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवलीय.

"नेत्रोन्मीलन," आईने मान डोलावली. "प्राणप्रतिष्ठेला आपले गुरुजी करतात तेच. दक्षिणा काय दिली?"

भाच्याने मोबाइलमध्ये बराच शोध घेतला.

मागच्या बाजूच्या एका खांबाला तळाशी भोक आहे. महाबुद्धाच्या नाकपुडीएवढं म्हणे, आणि त्यातून आरपार गेलं की पुढच्या जन्मी ज्ञानप्राप्ती. शाळेची पोरं सुळकन जात होती. एक दणकट पाहुणा कमरेपर्यंत गेला आणि तिथेच विचारमग्न झाला. मित्रांनी त्याचे हात धरून ओढलं. भाच्याने माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय काढला नाही. गुणी मुलगा आहे.

बाहेर पडताना लाल टोपी आणि लाल झूल घातलेला एक झिजलेला लाकडी म्हातारा बसलेला दिसला. बिन्झुरू. त्याचा जो भाग चोळावा तोच आपला भाग बरा होतो. बायकोने वाचून दाखवलं, "मूळ नाव पिंडोल भारद्वाज."

"भारद्वाज?" आई थबकली. "अरे, हे तर आपल्या गोत्रातले!"

आता ते घरचेच झाले. आईने त्यांचा गुडघा चोळला, मग स्वतःचा, मग पुन्हा त्यांचा. मागे रांग लागली. एका जर्मन बाईला खुणेने विचारून तिची पाठ दुखते हे आईने काढून घेतलं आणि भारद्वाजांची पाठ कुठून नीट पोचते तेही दाखवलं. मीही तळपायाला हात घालणार होतो, पण तो झुलीखाली होता.

शेवटी निगात्सु-दो हे देऊळ, टेकडीवर. पायऱ्या मोजायच्या नाहीत असं मी ठरवलं. वर तिकीट नाही, फलक कमी, आणि लाकडी सज्जातून सगळं नारा खाली पसरलेलं. शेजारच्या विश्रांतीच्या खोलीत चहा फुकट. आपण ओतून घ्यायचा, पिऊन कप विसळून ठेवायचा. आईने आमचे चौघांचे विसळले आणि शेजारच्या टेबलावरचे दोन परक्यांचेही.

"एकवीस हजार पावलं झाली, मामा!" भाचा मोबाइल नाचवत म्हणाला. "आता उद्या क्योटो. सान्जूसान्गेन्दोपासून सुरुवात. कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, एक हजार एक मूर्ती, एकाच दालनात!"

बायकोने विचारलं, "प्रत्येकीला फलक आहे का?"

आईने कप पालथा घातला. "हजार एक? एकेकीला नमस्कार करायचा म्हणजे पहाटेचीच गाडी बघ रे. आणि दशम्या जास्त लागतील."