वर्णनात्मक नोंद

एप्रिल लागला की आमच्या घरात मोठ्याने बोलायला बंदी असते. जेवणाच्या टेबलावर प्रगतीपुस्तकांचा गठ्ठा, हजेरी, नोंदवही आणि मी. बायको आमटीचं पातेलं गठ्ठ्याच्या कडेकडेने सरकवते. १ मेला झेंडावंदन झालं की निकाल वाटायचा असतो, आणि त्याआधी मला वर्गातल्या प्रत्येक पोराबद्दल काहीतरी चांगलं लिहायचं असतं.

आमच्या लहानपणी ही भानगड नव्हती. मास्तर लाल शाईने ३५ पैकी १२ लिहायचे, उरलेलं मूल्यमापन वडील घरी करायचे. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि वर्षातून दोनदा पोराला घाबरवण्याऐवजी वर्षभर त्याच्याकडे नीट बघायचं ठरलं. कल्पना चांगलीच आहे, माझं तिच्याशी वैर नाही. माझ्या तिसरीच्या वर्गाला शंभरातले ६० गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभर बघून द्यायचे, आणि ४० संकलितचे, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे. आकारिकला दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि 'इतर' अशी पोरं पारखायची आठ साधनतंत्रं. इथवर बेरीज आहे, ती मला येते. घोडं अडतं ते वर्णनात्मक नोंदींपाशी. सात विषयांच्या सात, वर 'विशेष प्रगती', 'आवड / छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' अशा तीन. मुलं ३१, सत्रं दोन. झाली ६२० वाक्यं, आणि एकातही कुणाला ढ म्हणायचं नाही.

मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ येते आणि सगळा तालुका ती भक्तिभावाने उतरवतो. त्यामुळे आमच्या तालुक्यातलं प्रत्येक मूल मोठ्यांचा आदर करतं, परिसर स्वच्छ ठेवतं आणि त्याला पोहण्याची आवड असते. आमच्या गावात मार्चपासून टँकर येतो. गेल्या वर्षी उतरवताना माझी एक ओळ खाली सरकली. निकालाच्या दिवशी एक आई पुस्तक घेऊन परत आली. "सर, ह्यात लिवलंय, 'कुस्तीत विशेष रस घेतो'. आमची चिमी?" चिमी आईच्या पदराआड उभी होती. मी म्हणालो, "अहो, सुप्त गुण असतात."

त्या दिवशी ठरवलं, यंदा पीडीएफला हात लावायचा नाही, पोरांकडे खरंखुरं बघायचं. शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, सुलभकांनी (आम्हाला शिकवणाऱ्यांनी) सांगितलेली एकेक युक्ती वर्गात आणली.

पहिली काड्यांची. कुल्फीच्या ३१ काड्यांवर ३१ नावं लिहून ग्लासात उभ्या करायच्या. आधी प्रश्न विचारायचा, सगळ्यांना विचार करू द्यायचा, मग डोळे मिटून काडी उचलायची. म्हणजे नेहमीच्या चार पोरांनी "सर मी, सर मी" करायचं आणि बाकी वर्गाने झोपायचं, असं होत नाही, असं सुलभक म्हणाले. आठवडाभर मजेत गेला. मग लक्षात आलं की मागच्या रांगेतल्या एका गड्याचा नंबर काही केल्या लागत नाही. काड्या मोजल्या, तर ३०. त्याचं दप्तर उघडलं. कंपासपेटीत, कागदात गुंडाळून, त्याची काडी. ओरडायला तोंड उघडलं आणि नोंद आठवली. लिहिलं : 'स्वतःच्या वस्तू जपून ठेवतो.'

दुसरी अंगठ्याची. समजलं तर अंगठा वर, थोडंसं समजलं तर आडवा, नाही तर खाली. सगळा वर्ग आधी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचा अंगठा बघायचा आणि मग आपापला लावायचा. म्हणून म्हटलं, डोळे मिटा. खिचडीनंतरचा तास होता. एकतीस अंगठे वर आले, तीस खाली गेले. एक वरच राहिला. पठ्ठ्या बसल्या जागी झोपला होता. 'दिलेल्या सूचनांचे काटेकोर पालन करतो.'

एकमेकांच्या वह्या तपासण्याचा उपक्रम दोन दिवस चालला. तीन भांडणं झाली, तो गुंडाळला.

मला खरं हरवलं ते वजाबाकीने. फळ्यावर ५२ वजा २८. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून शेजारच्या दशकाकडून एक उसना घेतला, असं मी नेहमीच्या सुरात सांगत होतो. किराणा दुकानदाराचं पोर उठून उभं राहिलं. चाचणीत त्याला वीसपैकी सात.

"सर, परत कधी करायचा?"

"काय?"

"उसना घेतलेला. दशकाचं चारच राहिलं की."

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी बावीस वर्षं तो एक उसना घेतोय. तो परत कधी द्यायचा, हे मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काड्यांचे जुडगे आणले, एक दशक सगळ्यांसमोर सोडलं, दहा सुट्ट्या काड्या मोजून दाखवल्या आणि उसना हा शब्दच फळ्यावरून पुसला. "म्हंजे उधारी न्हाई, सुट्टे केले," असं म्हणून तो खाली बसला. त्यानंतर वर्गात तेवढं कुणाचं चुकलं नाही. रात्री त्याचं पान उघडून बसलो. हे तोंडी काम, प्रात्यक्षिक, की इतर? शेवटी पीडीएफ उघडलीच. तिच्यात जवळात जवळ होतं ते 'शंका विचारतो'. तेवढंच चिकटवलं. खाली 'सुधारणा आवश्यक' रिकामं होतं. तिथं माझंच नाव लिहावंसं वाटलं.

म्हणून शेवटच्या आठवड्यात पोरांनाच कोरे कागद दिले आणि सांगितलं, आज माझं प्रगतीपुस्तक भरा. तीनच रकाने. एकतीस कागदांपैकी 'विशेष प्रगती'त बहुतेकांनी 'आता कमी ओरडतात' असं लिहिलं होतं. 'सुधारणा आवश्यक' : फळ्यावरचं अक्षर. 'आवड / छंद'मध्ये मला वाटलं होतं गाणी म्हणणे, गोष्टी सांगणे असं काही येईल. सव्वीस जणांनी लिहिलं होतं, 'रजिस्टर लिहिणे'.

ते कागद नोंदवहीतच राहिले. शाळाभेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी चष्मा वर करून एकेक कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

"नोंदी नेमक्या आहेत गुरुजी," ते म्हणाले. "फक्त खाली मुख्याध्यापकांची सही राहिलीय."